सुईचं बोलणं

कागदाच्या मधोमध पट्टीनं रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘चालू ठेवायचं’, उजवीकडे ‘थांबवायचं’. कॉलेजच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं काढल्यावर मला दुसऱ्या पद्धतीनं विचार करता येत नाही. समोरच्या दिवाणावर बाबा झोपले होते. भरदुपार, पंखा पाचवर, तरी कपाळावर घाम. ते उठायच्या आत मला कागद पुरा करायचा होता, कारण संध्याकाळी डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. कळला तेव्हाच तो कमरेच्या आणि पाठीच्या हाडांत उतरलेला होता, म्हणून ऑपरेशनची गोष्टच निघाली नाही. हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन शरीरात तयारच होऊ नये, यासाठी दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. आईबाबा अकोल्याला राहतात. डॉक्टर अमरावतीत, माझ्या घरापासून ऑटोनं दहा मिनिटांवर. त्यामुळे दर तीन महिन्यांनी बाबा एसटीनं यायचे, दोन दिवस माझ्याकडे राहायचे आणि परत जायचे. दीड वर्षात अशा सात फेऱ्या झाल्या. पीएसए म्हणून रक्तातला एक आकडा असतो, आजार जागा आहे की झोपलेला, ते त्यावरून कळतं. तो खाली आला आणि खालीच राहिला.

आठव्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सुई काढलीच नाही. बाबांच्या हातापायांकडे पाहिलं, त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं (ते जमलं नाही) आणि म्हणाले, आपल्यापुढे दोन रस्ते आहेत. इंजेक्शन न थांबवता चालू ठेवणं, हा नेहमीचा. दुसरा म्हणजे आकडा खाली आहे तोवर इंजेक्शन थांबवायचं, दर महिन्याला रक्त तपासायचं आणि आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की पुन्हा सुरू करायचं. मधल्या काळात हार्मोन हळूहळू परत येतं, अंगात ताकद येते. पण आजार हाडांत असताना थांबण्यात जोखीम आहे. तो लवकर डोकं वर काढू शकतो.

"तुमचे वडील असते तर?" मी विचारलं. माझ्या यादीत हा प्रश्न पहिला होता.

"तर वडिलांनाच विचारलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते पुण्याकडचे, बोलणं अगदी छापल्यासारखं. "कोणता रस्ता जास्त आयुष्य देईल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्रास किती सोसवतोय, ते त्यांनी सांगायचं. त्यांची तयारी असेल तर काही महिने सुट्टी देऊयात. संध्याकाळी या."

कागदाची उजवी बाजू भरभर भरली. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, दिवसातून आठदहा वेळा. मांड्यांची ताकद गेली. छाती भरून आली, हात लागला तरी दुखते, म्हणून बनियनवर घरापुढच्या ओट्यावर बसणं बंद. हाडं ठिसूळ होत जाणार. जेवणावर वासना नाही तरी पोट सुटलेलं. डाव्या बाजूला एकच ओळ होती: आजार झोपून आहे.

मग मी ‘रडतात’ असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. कोणत्या बाजूला लिहायचं ते कळेना.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आमच्या घरात आधी त्यांचा आवाज यायचा, मग ते यायचे. स्वतःची आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नाही. सगळं उरकलं आणि सुतकाचे दिवस संपताच ड्युटीवर गेले. आम्हा मुलांशी ते कामापुरतं बोलत. ते कामही बहुतेक ‘नाही’ म्हणण्याचं असे.

चौथ्या इंजेक्शननंतर मी त्यांना गाडीत बसवायला स्टँडवर गेले होते. एक म्हातारी पिशवी सावरत सुटलेल्या गाडीमागे पळत होती. गाडी थांबली नाही. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

"मीबी असाच सोडून जात होतो," ते म्हणाले. "आरशात दिसे मले. तरी जात होतो."

पुढच्या खेपेला हिवाळा होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून ते तुरीच्या शेंगा सोलत होते. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बारावीनंतर मी त्यांना न विचारता नागपूरच्या एका कोर्सचा फॉर्म भरला होता. तो त्यांनी ओट्यावर, शेजाऱ्यांदेखत फाडला आणि माझ्या थोबाडीत दिली. त्या गोष्टीवर नंतर आमच्या घरात कोणीही, कधीही बोललं नाही.

"थो फॉर्म," ते हातातल्या शेंगेकडे बघत म्हणाले. "थो फाडला नसता त तू आज मोठी सायबीन असती."

"जाऊ द्या बाबा."

"कावून जाऊ देऊ? मारलंबी होतं मी तुले. सर्व्या लोकायसमोर."

आणि ते रडायला लागले, शेंगा मांडीवर तशाच. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ खाली बसले. माझं वय तेव्हा एक्कावन्न होतं. पोरीसारखी रडले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन यायला लागला. "जेवली काय?" इतकंच. मी साडेसातला कधीच जेवलेली नसते. तरी ‘हो’ म्हणायची.

तर हे ‘रडतात’ कोणत्या बाजूला लिहायचं? मी आईला फोन केला.

"काही दिवस इंजेक्शन थांबवू म्हणून राहिले डॉक्टर."

"कायले? आकडा त बरा हाय न?"

"त्यायले त्रास होते न, आई."

मग म्हणाली, "पाय बाई, मले विचारशील त असेच बरे हायेत. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं माह्यासाठी चहा ठेवला. साखर टाकाची इसरला, पण ठेवला."

मी तो शब्द कुठेच लिहिला नाही. कागदाची घडी केली. बाबा उठले तेव्हा मी सरळ विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

"बंद कर."

"जोखीम आहे त्यात."

"ऐकलं मी. कॅन्सर झाला, बहिरा नाई झालो." ते पंख्याकडे तोंड करून बसले. "डेपोजवळच्या कट्ट्यावर चार महिन्यांपासून जाऊन नाई राहिलो मी. कावून, माहीत हाय? एकजण जुन्या गाडीची गोष्ट सांगून राहिला होता. भंगारात काढली म्हणे. मले रडू आलं. भंगारासाठी! सारे हसले. ‘काय बे, घरच्या बुडीनं मारलं काय,’ म्हणे." त्यांनी कपाळ पुसलं. "मरतो त मरतो. पण मी म्हणून मराव न माणसानं."

माझ्याकडे मुद्दे तयार होते. हाडं, जोखीम, डॉक्टरांचं ‘नेहमीचा रस्ता’. सगळे खरे होते. पण मी ते कशासाठी मांडणार होते, ते मला माहीत होतं. साडेसातच्या फोनसाठी. म्हणून कागदाची घडी मी उघडली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. "ठीक आहे, मग सुट्टी," ते म्हणाले आणि रक्त कधी तपासायचं, आकडा कुठे गेला की यायचं, ते लिहून दिलं. बाबांनी उठून त्यांना हात जोडले. बाहेर नंबर लावणाऱ्या बाईंना जोडले. फाटकावरच्या चौकीदारालाही जोडले. मला वाटलं, इंजेक्शनचा हळवेपणा.

ताकद परत यायला दिवाळी उलटून गेली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे रिपोर्ट आले, आकडा जागेवर होता. गरम वाफा कमी झाल्या. बाबा पायी कट्ट्यावर जायला लागले. दूधवाल्यावर ओरडले. वरणात मीठ कमी म्हणून एक दिवस त्यांनी ताट सरकवलं. "तब्येत सुधारून राहिली," आई फोनवर म्हणाली, आणि मग बराच वेळ टीव्हीचाच आवाज येत राहिला. साडेसातचा फोन आधी रविवारपुरता उरला, मग तोही बंद झाला.

आकड्यांच्या माझ्या तक्त्यात डिसेंबरचा रकाना रिकामा राहिला. फोनवर विचारलं तर "पाहू". जानेवारीही अर्धा गेला, तेव्हा एका रविवारी मी गाडी पकडली आणि बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला पोचले.

दारातच शेजारच्या काकू भेटल्या. "बाबाची सुट्टी झाली म्हणे तुमच्या! पेढे वाटले त्यायनं. आता काई चिंता नाई."

मी तिथेच थांबले. आमच्याकडे दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे पेशंट बरा झाला, घरी पाठवला. डॉक्टरांनी पुण्याच्या मराठीत इंजेक्शनला सुट्टी दिली होती. बाबांनी वऱ्हाडीत ती स्वतःला घेतली होती. आणि मी दोन्हीकडची मराठी जाणणारी, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून मुदती उतरवून घेत होते.

बाबा ओट्यावर बसले होते. बनियनवर. दंड पुन्हा भरले होते, मान सरळ होती. खोटं कशाला बोलू, बघून बरं वाटलं.

"रक्त का नाही तपासलं?"

"सुट्टी झालेल्या माणसाचं कायचं रक्त काढतं वं? मागून दोन डाव रिपोर्ट दाखवा लागते, थे दाखवले."

"सुट्टी तुम्हाला नाही, बाबा. सुईला दिली होती."

"एकच झालं."

"एक नाही. तुम्हाला डेपोत ऑफ मिळत होता, तेव्हा काय नोकरी सुटत होती? ड्रायव्हर कमी पडला की बोलावणं येतच होतं न? तसं आहे हे. आजार गेला नाही. आत उभा आहे."

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"मंग पेढे कायचे वाटले मी?" ते म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले.

"तू होती न तिथं. तवाच कावून नाई सांगितलं?" त्यांचा आवाज चढला. त्यावर मी गप्प राहायला हवं होतं, पण मला वाटलं, आत्ता बोलता येईल.

"मला वाटलं, तुम्हाला कळलं. नंतर सांगितलं असतं, पण तुम्ही बोलता कुठे आता? फोन नाही, काही नाही. तेव्हा किती बोलत होते. त्या फॉर्मचं सुद्धा..."

"कोणता फॉर्म?"

"नागपूरचा. माझ्या घरी तुम्ही रडले होते, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. ते चेहऱ्यावर दिसलं.

"थे मी नाई बोललो," ते म्हणाले. "थे सुई बोलून राहिली होती."

आणि उठून आत गेले. भिंतीला न टेकता, एका दमात उठले. आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि त्यांचा कप हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी सातला त्यांना घेऊन लॅबच्या दारात उभी राहिले. मला जे येतं ते मी केलं. आकडा वर सरकला होता, पण रेषेच्या खाली होता. फेब्रुवारीच्या शेवटी तो रेषेच्या वर गेला आणि पाठीत दुखायला लागलं. मी बाबांना अमरावतीला घेऊन आले.

डॉक्टरांनी या वेळी रस्ते दाखवले नाहीत. पुन्हा सुरू करायचं, म्हणाले.

"अजून दोन महिने?" बाबांनी विचारलं. जसं कोणी बदलीची ऑर्डर पुढे ढकलायला साहेबापुढे उभं राहतं, तसं. "नुसते दोन."

"आकडा एकटा वाढला असता तर विचार केला असता, काका. पण पाठ दुखतेय. मणका दबला तर पाय जातील."

बाबा माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "घेऊन टाका, बाबा." डॉक्टर बरोबर होते, मीही बरोबर होते, दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. तरी स्वतःचा आवाज ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं.

"तुले त पाहिजेच असन," ते म्हणाले.

त्यांनी शर्ट वर केला. पोटावर इंजेक्शन घेतात ते. या खेपेला ते माझ्याकडे राहिले नाहीत. आई घरी एकटी आहे म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. आई त्याआधीही दर खेपेला एकटीच असायची.

मार्च संपता संपता गरम वाफा सुरू झाल्या. मांड्या पुन्हा सैल पडल्या. कट्टा सुटला. साडेसातला मी फोनची वाट बघायची. हे लिहायला लाज वाटते, पण बघायची. माणूस त्रासात जातो आहे हे कळत असताना, त्या त्रासातून आपल्या वाट्याला काय येईल याची वाट बघायची. फोन आला नाही.

एप्रिलमध्ये मी आईला विचारलं, "रडत नाहीत का आता?"

"गप असते," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "न्हाणीत जाते अन् नळ सोडते. पूर्ण. अर्धा अर्धा तास. मले काय समजत नाई काय?"

अकोल्यात आमच्या भागात नळाला पाचव्या, कधी सहाव्या दिवशी पाणी येतं. छतावरची टाकी भरते, तेवढ्यावर काढायचं. माझी आई तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घालते. पाहुण्यानं हात धुताना नळ जास्त सोडला तर उठून बंद करते, तो जावई असला तरी. त्या आईनं बाबांना या नळाबद्दल एका शब्दानं टोकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी टाकी आटली की ती काकूंकडून पाण्याचे गुंड-हंडे आणत होती, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि काकूंना सांगत होती, टाकी फुटली.

पुढच्या शनिवारी गेले. दुपारी चारच्या सुमाराला बाबा उठले, भिंत धरत न्हाणीत गेले, कडी लागली आणि नळ सुटला. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले होते. आम्हाला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. बालदी भरून पाणी वाहायला लागल्याचा आवाज आला, मोरीत पाणी उतरल्याचा आला. त्यांनी फार जपून रडायचं ठरवलं होतं. आई भाजीची तीच काडी पुन्हा पुन्हा मोडत होती.

मी ओट्यावर बोलले नसते, तर ते आईसमोर रडले असते. माझ्यासमोर नाही, पण निदान आईसमोर. मी त्यांना सांगितलं होतं, की मला तुमचं ते बोलणं हवं आहे. आणि त्यांना ते बोलणं आपलं वाटत नव्हतं. आता ते येऊ लागलं की त्यांना दार लावावं लागत होतं.

नळ बंद झाला. ते बाहेर आले. तोंड धुतलेलं, केस ओले.

"ऊन लय हाय," ते म्हणाले.

"हो," आम्ही दोघी म्हणालो.

रविवारी सकाळी मी टेप घेऊन छतावर गेले. जुनी टाकी पाचशे लिटरची. तिच्याशेजारी किती जागा आहे, स्लॅबखाली बीम कुठे आहे, पाइप कुठून उतरवता येईल, सगळं मोजून लिहून काढलं. बाजारातून हजार लिटरची टाकी आणली, प्लंबर आणला, दुपारपर्यंत टाकीसाठी विटांचा ओटा बांधून झाला. दोन दिवसांची रजा टाकली, कारण सिमेंट वाळल्याशिवाय टाकी ठेवता येत नाही.

तिसऱ्या दिवशी टाकी बसली. बाबा वर आले. जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी दम घेतला, मग टाकीजवळ येऊन तिच्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, टायर ठोकून बघायचे तसं.

"हे कायले?"

"उन्हाळा आहे, बाबा. पाणी पुरत नाही."

ते वाकून पाइपाचे जोड बघत राहिले. एक जोड हातानं हलवून पाहिला.

"कनेक्शन कुठी देल्लं?"

"न्हाणीला. स्वयंपाकघराचं जुन्यावरच ठेवलं."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही. मग कठडा धरून जिना उतरायला लागले. मी त्यांच्या मागून, हात न धरता, एकेक पायरी उतरत गेले.